पॅकेट मशीनसाठी आलंय की मशीनमधून चाललंय?

या वेळी आलेले प्रश्न जवळपास एकाच दिशेचे आहेत, लिनक्सवर नेट पुढे का जात नाही आणि फायरवॉल लावूनसुद्धा का जातं. त्यामुळे हा सगळा अंक त्यालाच दिलाय. कमांड इथे देवनागरीत छापल्यात, टाइप करताना इंग्रजीत करालच.

प्रश्न (सातारा): ताई, आमच्या गावच्या अभ्यासिकेत जुना पीसी राउटर म्हणून लावलाय, त्यात डेबियन टाकलंय आणि दोन लॅन कार्ड आहेत. एकाला कंपनीचा मॉडेम, दुसऱ्याला स्विच आणि स्विचवर मुलांची मशीन. पीसीवर नेट मस्त चालतं, मुलांच्या मशीनवरून पीसीला पिंगही होतं पण त्याच्या पुढे काहीच जात नाही. फायरवॉलचे सगळे रूल उडवून बघितले तरी तेच. काय राहिलंय?

उत्तर: फायरवॉल उडवली की नेट सुरू व्हायलाच पाहिजे असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं, पण तुमच्याकडे उलटं आहे. नॅट (पॅकेटवरचा पत्ता बदलायची सोय) हे त्याच यंत्रणेत असतं, म्हणजे 'एनएफटी फ्लश रूलसेट' ही सगळे रूल पुसणारी कमांड मारलीत की अडवणारे रूल गेले आणि त्यांच्यासोबत नॅटही गेलं. नॅट तुम्हाला लागणारच आहे, पण त्याच्या आधीचीच एक गोष्ट राहिलेली असणार असा माझा अंदाज आहे.

एक पॅकेट, म्हणजे नेटवरून जाणारा माहितीचा तुकडा, धरू आणि त्याच्या मागे जाऊ. समजा अभ्यासिकेतल्या १९२.१६८.५०.१२ या मशीनवरून बाहेरच्या ८.८.८.८ ला पिंग, म्हणजे 'आहेस का' अशी हाक, निघालं. तुमच्या पीसीच्या आतल्या कार्डावर ते आलं की पहिला टप्पा प्रीराउटिंग. तिथून पुढे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बघतो की ८.८.८.८ हा पत्ता माझाच आहे का. असेल तर पॅकेट इनपुट चेनमधून (चेन म्हणजे त्या टप्प्यावरच्या रूलची यादी) जाऊन मशीनवरच्या प्रोग्रामला मिळतं. नसेल तर ते फॉरवर्ड चेनमध्ये जातं, मग पोस्टराउटिंग, मग बाहेरचं कार्ड. या दोन वाटा एकमेकींना भेटत नाहीत, इनपुटमध्ये कितीही कडक रूल लावा, मशीनमधून पलीकडे जाणाऱ्या पॅकेटला त्याची खबरही नसते. आणि मशीनने स्वतः तयार केलेलं पॅकेट तिसऱ्या वाटेने जातं, आउटपुट आणि मग पोस्टराउटिंग. पीसीवर नेट चालतं ते या तिसऱ्या वाटेने, मुलांच्या मशीनचं पिंग पीसीपर्यंत पोचतं ते इनपुटच्या वाटेने, आणि तुम्हाला हवी आहे ती फॉरवर्डची वाट मुळात बंदच आहे. लिनक्समध्ये आयपी फॉरवर्ड नावाची सेटिंग असते, तिची मूळ किंमत ० असते, कारण साधं मशीन दुसऱ्याची पॅकेटं वाहायला बसलेलं नसतं. ० असताना परकं पॅकेट आलं की कर्नल ते गुपचूप टाकून देतो, लॉगमध्ये एक ओळ नाही की स्क्रीनवर एरर नाही, म्हणून माणूस तासन् तास फायरवॉलमध्ये शोधत बसतो. सिसकंट्रोलने ती १ करा आणि सिसकंट्रोल डॉट डी फोल्डरमधल्या फाइलमध्येही लिहून ठेवा, नाहीतर लाइट जाऊन आली की परत ०.

एवढं करूनही नेट येणार नाही! बाहेरच्या कार्डावर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी कमांड) लावून बघा, आता पॅकेट बाहेर जाताना दिसेल, पण पाठवणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.५०.१२ असाच असेल. मॉडेमला हे ५० वालं नेटवर्क माहीतच नाही, मग उत्तर आणणार कुणाकडे. राउटिंगमध्ये पूर्ण रस्ता कुणालाच माहीत नसतो, साताऱ्याच्या स्टँडवर चौकशीत विचारलं तर कराडच्या गाडीत बसा पुढचं कराडला विचारा म्हणतात ना, तसंच, प्रत्येक मशीन फक्त पुढचा टप्पा सांगतं आणि परतीच्या प्रवासात प्रत्येक ठिकाणी पुन्हा नव्याने विचारावं लागतं. जाण्याचा रस्ता आहे म्हणून येण्याचा असेलच असं नाही. इथे मास्करेड लागतं. पोस्टराउटिंगमध्ये बाहेरच्या कार्डासाठी मास्करेडचा एक रूल टाका, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर तुमच्या पीसीचा बाहेरचा पत्ता लागेल आणि मॉडेम उत्तर पीसीला आणून देईल. उत्तराचं पॅकेट उलटं फिरवून १९२.१६८.५०.१२ ला द्यायचं काम कनेक्शन ट्रॅकिंग आपोआप करतं, त्यासाठी वेगळा रूल नको.

इथे एक गंमत सांगते, कारण इथे भलेभले अडकतात. नॅटचे रूल कनेक्शनच्या फक्त पहिल्या पॅकेटला बघितले जातात, पुढची सगळी पॅकेटं ट्रॅकिंगच्या नोंदीवरून चालतात. म्हणजे एका खिडकीत पिंग चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत मास्करेडचा रूल टाकलात तर ते चालू पिंग तसंच बंद दिसत राहील, कारण त्याची नोंद रूल यायच्या आधीची आहे. पिंग थांबवा आणि परत सुरू करा, झालं. बरोबर रूल टाकून 'चालत नाही' म्हणत तो पुसून टाकणारी मंडळी मी बघितलीत.

नेट आलं की मग फायरवॉल लावा. फॉरवर्ड चेनची पॉलिसी ड्रॉप (गुपचूप टाकून द्या), त्यात एस्टॅब्लिश्ड आणि रिलेटेडला, म्हणजे आधीच चालू असलेल्या कनेक्शनच्या किंवा त्याच्याशी जोडलेल्या पॅकेटांना, अॅक्सेप्ट, आणि आतल्या कार्डावरून बाहेरच्या कार्डाकडे जाणाऱ्याला अॅक्सेप्ट, एवढ्यात भागतं. इनपुटचा हिशोब वेगळा करा, तिथेही पहिला रूल एस्टॅब्लिश्ड-रिलेटेडचाच, मग लूपबॅक (मशीनचं स्वतःशीच बोलणं), मग आतून एसएसएच (दुरून लॉगिन), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) आणि डीएचसीपी (मशीनना पत्ते वाटणं), बाहेरून नवीन काही नाही. आणि मॉडेमचं नेटवर्क १९२.१६८.१ असेल तर आत तेच देऊ नका, दोन्ही कार्डांवर एकच नेटवर्क दिसलं की कर्नल पॅकेट कुठल्या बाजूला टाकेल ते बघून हसावं की रडावं कळत नाही.

प्रश्न (पुणे): ताई मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी भाड्याच्या सर्व्हरवर डॉकरमध्ये (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) पोस्टग्रेस डेटाबेस टाकलाय. यूएफडब्ल्यू फायरवॉलमध्ये त्याचा पोर्ट ५४३२ डिनाय केलंय, स्टेटसमध्ये पण डिनाय दिसतं, तरी माझ्या लॅपटॉपवरून थेट कनेक्ट होतंय. यूएफडब्ल्यू खराब आहे का?

उत्तर: नाही रे, यूएफडब्ल्यू बिचारं त्याचं काम करतंय, फक्त तुझं पॅकेट त्याच्या दारात जातच नाही. वरचं साताऱ्याचं उत्तर वाच आणि मग हे बघ. तू कंटेनरचा पोर्ट पब्लिश केलास, म्हणजे बाहेरून दिसेल असा उघडलास, तेव्हा डॉकरने प्रीराउटिंगमध्ये स्वतःचा एक डीनॅट (पॅकेट जिथे जायचंय तो पत्ता बदलणारा) रूल टाकला. बाहेरून ५४३२ वर पॅकेट आलं की तिथल्या तिथे त्याचा पत्ता बदलून १७२.१७.०.२ असा कंटेनरचा होतो. हे राउटिंगच्या आधी होतं बरं का. म्हणजे कर्नल जेव्हा 'हा पत्ता माझा का' असं बघतो तोपर्यंत पत्ता सर्व्हरचा राहिलेलाच नसतो, पॅकेट फॉरवर्डला जातं, आणि तुझा डिनाय बसलाय इनपुटमध्ये. यूएफडब्ल्यूचा स्टेटस खरं बोलतो पण अर्धंच.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पोर्ट पब्लिशच करू नकोस. तुझं अॅप पण डॉकरमध्येच असेल तर दोघांना एका डॉकर नेटवर्कमध्ये टाक, ते नावाने एकमेकांना शोधतात. अॅप बाहेर असेल तर पब्लिश करताना पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लाव, मग फक्त त्याच मशीनवरून दिसेल. आणि बाहेरून ठरावीक पत्त्यांनाच द्यायचं असेल तर डॉकर-यूजर नावाची चेन त्याचसाठी आहे, डॉकर ती स्वतःच्या रूलच्या आधी बघतो. पण तिथे एक खोच आहे, तोपर्यंत डीनॅट झालेलं असतं, म्हणजे बाहेर ८०८० आणि कंटेनरमध्ये ८० असं असेल तर रूल ८० वर लिहावा लागतो, ८०८० लिहिलंस तर तो कधीच लागणार नाही. डॉकरची आयपीटेबल्स सेटिंग (फायरवॉलचे रूल डॉकरने लिहायचे की नाही ती) फॉल्स करा असा सल्ला पण कुणीतरी देईल, तो ऐकू नकोस, त्याने कंटेनरचं बाहेर जाणं पण बंद पडतं आणि नॅट हाताने लिहीत बसावं लागतं. आणि हो, डेटाबेस एवढे दिवस उघडा होता तर पासवर्ड आजच बदल.

प्रश्न (नाशिक): ड्रॉप करावं की रिजेक्ट?

उत्तर: आतल्या नेटवर्कला रिजेक्ट, बाहेरच्या जगाला ड्रॉप, मी तरी असंच करते. रिजेक्ट केलं की समोरच्याला लगेच 'पोर्ट अनरीचेबल' कळतं आणि ऑफिसातला माणूस लगेच तुम्हाला फोन करतो, ड्रॉप केलं तर त्याचा प्रोग्राम एक-दोन मिनिटं पुन्हा पुन्हा प्रयत्न करत लटकून राहतो आणि मग तो 'नेट स्लो आहे' अशी तक्रार करतो जी शोधायला तुमची दुपार जाते. ड्रॉप केल्याने मशीन अदृश्य होतं हा मात्र गैरसमज आहे. मशीन खरंच नसतं तर बरेचदा त्याच्या आधीच्या राउटरने 'होस्ट अनरीचेबल' कळवलं असतं, सगळीकडे शांतता म्हणजे इथे कुणीतरी फायरवॉल लावून बसलंय हे स्कॅन करणाऱ्याला बरोबर कळतं.

प्रश्न (कोल्हापूर): मॅडम, आमच्या प्रेसमध्ये दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्यात, दोन्हीला स्टॅटिक आयपी, दोन्ही एकाच उबंटू सर्व्हरला. पहिल्या आयपीवर एसएसएच होतं, दुसऱ्यावर होत नाही. फायरवॉलमध्ये दोन्ही कार्डांना सारखेच रूल आहेत. टीसीपीडंपमध्ये दुसऱ्या कार्डावर पॅकेट येताना दिसतं, उत्तर मात्र दिसत नाही.

उत्तर: उत्तर जातंय हो, पहिल्या कार्डावरून जातंय, तिथे टीसीपीडंप लावून बघा. राउटिंग फक्त पॅकेट कुठे जायचंय ते बघतं, ते कुठल्या दारातून आलं होतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तुमचा डिफॉल्ट रूट (वेगळा रस्ता सांगितलेला नसेल तेव्हाचा रस्ता) पहिल्या लाइनचा, म्हणून दुसऱ्या लाइनवर आलेल्याचं उत्तरही पहिल्या लाइनवरून निघतं, त्यावर पत्ता दुसऱ्या कंपनीचा, आणि पहिली कंपनी म्हणते हा पत्ता आमचा नाही, टाकून द्या.

लिनक्समध्ये राउटिंग टेबल एक नसून अनेक असू शकतात आणि कुठलं कधी बघायचं ते 'आयपी रूल' ठरवतो. ती कमांड नुसती चालवलीत तर तीन ओळी दिसतील, ० क्रमांकावर लोकल, ३२७६६ वर मेन, ३२७६७ वर डिफॉल्ट. आकडा लहान त्याचा नंबर आधी. आपण रोज 'आयपी राउट' म्हणून जे बघतो ते फक्त मेन. तुम्ही २०० नंबरचं नवीन टेबल करा, त्यात दुसऱ्या कंपनीच्या गेटवेचा डिफॉल्ट रूट टाका, आणि एक रूल टाका की दुसऱ्या आयपीवरून निघणारं पॅकेट टेबल २०० बघेल. मग 'आयपी राउट गेट' कमांडला ८.८.८.८ आणि पुढे फ्रॉम तुमचा दुसरा पत्ता असं देऊन विचारा, कर्नल स्वतः सांगतो कुठल्या कार्डावरून पाठवीन ते. अंदाज बांधण्यापेक्षा ही कमांड वापरायची सवय लावा, तिची किंमत लोकांना कळलेली नाही.

तरीही अडलं तर आरपी फिल्टर बघा. ते १ असेल तर कर्नल आलेल्या पॅकेटच्या पाठवणाऱ्याकडे परत जायचा रस्ता त्याच कार्डावरून आहे का ते तपासतो, नसेल तर पॅकेट टाकून देतो, आणि हे तुमच्या इनपुट चेनच्या आधीच होतं. टीसीपीडंपला आत येणारं पॅकेट या सगळ्याच्या आधी दिसतं, म्हणून 'येताना दिसतं' याचा अर्थ 'पोचलं' असा घेऊ नका. दोन लाइन असतील तर २ ठेवा. ऑल आणि त्या कार्डाची अशा दोन किमती असतात आणि दोन्हींतली मोठी लागू होते, हे लक्षात असू द्या. आणखी एक, पुढेमागे या सर्व्हरच्या मागे दुसरं मशीन ठेवून त्याला पोर्ट फॉरवर्ड केलंत तर वरचा रूल पुरणार नाही, कारण उत्तराच्या पॅकेटवर राउटिंगच्या वेळी आतल्या मशीनचा पत्ता असतो, दुसऱ्या लाइनचा नाही. तेव्हा कनेक्शनला मार्क (खूण) लावून मार्कवर रूल लिहावा लागतो.

प्रश्न (फोंडा, गोवा): लिनक्स राउटरवरून पीपीपीओई (लॉगिन करून नेट जोडायची पद्धत) लावल्यापासून काही साइट्स झटकन उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात. पिंग मात्र सगळीकडे होतं.

उत्तर: पॅकेटच्या मापाचा प्रश्न आहे. इथरनेटवर १५०० बाइट जातात, पीपीपीओई त्यातले ८ खातो, उरले १४९२. पिंग छोटं, कनेक्शनची सुरुवातही छोट्या पॅकेटांनी होते म्हणून सगळं ठीक वाटतं, मग समोरचा सर्व्हर १५०० चं भरगच्च पॅकेट पाठवतो आणि ते तुमच्या लाइनच्या तोंडाशी अडकतं. तिथला राउटर त्याला आयसीएमपीने (पिंग आणि एररचे निरोप नेणारी पद्धत) कळवतो की पॅकेट लहान कर, आणि त्या साइटच्या कुणा अॅडमिनने 'सेफ्टीसाठी' सगळं आयसीएमपी बंद केलेलं असतं! त्यांना काही सांगायला जाऊ नका, तुमच्या फॉरवर्ड चेनमध्ये सिन (कनेक्शन सुरू करणाऱ्या) पॅकेटसाठी एमएसएस क्लॅम्पचा, म्हणजे एका पॅकेटमध्ये किती माहिती भरायची ती मर्यादा कमी करणारा, रूल टाका म्हणजे सुरुवातीलाच १४५२ ठरेल. खात्री करायची तर डोन्ट फ्रॅगमेंट (तुकडे करू नका) लावून पिंग करा, १४६४ जाईल, १४७२ जाणार नाही. आणि स्वतः आयसीएमपी सरसकट बंद करू नका.

प्रश्न (डोंबिवली): घरच्या सर्व्हरसाठी पोर्ट फॉरवर्ड केलाय, डीनॅट बरोबर आहे, फॉरवर्ड अॅक्सेप्ट आहे, बाहेरून काहीच येत नाही. रूलला लागलेल्या पॅकेटांचा काउंटर शून्य.

उत्तर: काउंटर बघितलात हे छान केलंत, शून्य म्हणजे पॅकेट तुमच्यापर्यंत आलंच नाही. बाहेरच्या कार्डाचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल तर कंपनीने तुम्हाला स्वतःच्याच नॅटच्या मागे ठेवलंय, हा पट्टा २०१२ मध्ये त्याच कामासाठी राखून ठेवलाय. तुमच्याकडून काही होणार नाही, स्टॅटिक आयपी विकत घ्या किंवा बाहेरच्या एखाद्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड व्हीपीएनचा बोगदा काढा. आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर तेही चालेल, पण तिथे नॅटचा आडोसा नसतो, घरातलं प्रत्येक मशीन थेट जगासमोर येतं, आणि आयपीटेबल्समध्ये लिहिलेले रूल आयपीव्ही६ ला लागतच नाहीत, त्याला आयपी६टेबल्स वेगळं. किंवा एनएफटीमध्ये आयनेट टेबल करा, त्यात दोन्ही येतात.

प्रश्न (सोलापूर): आयपीटेबल्स शिकू की एनएफटेबल्स?

उत्तर: दोन्ही लिनक्सच्या फायरवॉलचीच हत्यारं, पण नवीन शिकताय तर एनएफटेबल्स (त्याची कमांड एनएफटी). कर्नल २.२ मध्ये आयपीचेन्स होतं, २००१ मध्ये २.४ सोबत नेटफिल्टर आणि आयपीटेबल्स आलं, २०१४ च्या जानेवारीत ३.१३ मध्ये एनएफटेबल्स. २०१९ च्या डेबियन १० पासून तर तुम्ही आयपीटेबल्स कमांड मारली तरी आत एनएफटेबल्सच चालतं. दोन्ही शिकणारच असाल तर एक फरक पक्का करा. एनएफटीमध्ये एका चेनने अॅक्सेप्ट म्हटलं म्हणजे पॅकेट सुटलं असं नाही, त्याच टप्प्यावर नंतरच्या क्रमाची दुसरी चेन असेल तर ती अजूनही ड्रॉप करू शकते. ड्रॉप मात्र तिथल्या तिथे अंतिम. म्हणून एका मशीनवर दोन-तीन हत्यारं एकत्र चालवू नका, फायरवॉलडी तर फायरवॉलडी, हाताने तर हाताने, नाहीतर एकाचा अॅक्सेप्ट दुसऱ्याच्या ड्रॉपमध्ये जाऊन मरतो आणि शिव्या तिसऱ्याला बसतात.

प्रश्न (सिंगापूर): आईबाबांच्या घरी ठाण्यात एक छोटा सर्व्हर आहे, मी इथून सांभाळतो. फायरवॉल बदलायची हिंमत होत नाही, चुकलं तर बाबांना फोन करून काय सांगणार?

उत्तर: आधी चालू रूलसेट फाइलमध्ये उतरवून ठेवा, फाइलच्या पहिल्या ओळीत फ्लश रूलसेट लिहा, आणि पाच मिनिटांनी ती फाइल परत लोड होईल असं अॅट कमांडने लावून ठेवा. मग नवीन रूल एका फाइलमधून एकदम लोड करा, एनएफटी ती फाइल पूर्ण तरी लावतं नाहीतर अजिबात लावत नाही, अर्धवट अवस्था होत नाही. तुमचं चालू एसएसएच तुटलं नाही म्हणून खूश होऊ नका, ते एस्टॅब्लिश्डच्या रूलवर जिवंत असतं आणि नवीन कनेक्शनचा रूल चुकला असला तरी चालत राहतं. दुसरी खिडकी उघडून नव्याने लॉगिन करून बघा, झालं तर अॅटचं काम रद्द करा, नाही झालं तर पाच मिनिटं चहा घ्या, जुनं आपोआप परत येईल.